उडण्याचे तास, उतरण्याची किंमत

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून चार ओळींची एक बातमी येते. शिकाऊ विमान धावपट्टीवरून घसरले, पुढचे चाक मोडले, विद्यार्थी किरकोळ जखमी, चौकशीचा आदेश. कोणी दगावले नाही एवढ्यावर वाचकाचे समाधान होते आणि तो पान उलटतो. त्या चौकशीचे पुढे काय झाले हे सांगणारी दुसरी बातमी सहसा छापून येत नाही. आणि आलीच, तरी तिचे तात्पर्य ठरलेले असते. विमान उतरविताना विद्यार्थ्याचा अंदाज चुकला. चूक विद्यार्थ्याची, म्हणजे प्रकरण संपले. प्रस्तुत लेखक विमानविद्येचा जाणकार नाही, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. पण ज्या व्यवहारात एकच चूक निरनिराळी माणसे पुनःपुन्हा करतात, त्या व्यवहारात माणसांपेक्षा किमतींची तपासणी आधी करावी, एवढे हे शास्त्र निश्चित शिकविते.

महाराष्ट्रातील अलीकडची उदाहरणे पाहावयाची तर बारामतीकडे पाहावे लागते. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी बारामतीजवळ कटफळच्या परिसरात रेडबर्ड या प्रशिक्षण संस्थेचे विमान कोसळले. तीनच दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, त्याच संस्थेचे दुसरे विमान गोजुबावीजवळ पडले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संस्थेची मान्यता काही काळ स्थगित केली. त्याच वर्षी ३० मे रोजी बेळगावनजीक याच संस्थेच्या विमानाला शेतात उतरावे लागले होते. त्याआधी २५ जुलै २०२२ रोजी, बारामतीहून एकटीने उडालेल्या दुसऱ्या एका संस्थेच्या विद्यार्थिनीचे विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात आदळले. ९ ऑगस्ट २०२५ ला बारामतीच्याच धावपट्टीवर एका शिकाऊ विमानाचे पुढचे चाक निकामी होऊन ते बाजूला घसरले. या पाचही प्रसंगी माणसे वाचली. सगळीकडे असे घडले नाही. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातील वर्डीजवळ शिरपूरच्या संस्थेचे विमान पडून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला आणि विद्यार्थिनी जखमी झाली. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून निघालेले विमान बालाघाटच्या डोंगराळ जंगलात कोसळून प्रशिक्षक व विद्यार्थिनी दोघेही गेले.

हे सर्व अपघात एका जातीचे नव्हेत, हे येथेच सांगितले पाहिजे. इंजिनाने दगा दिल्यावर शेतात उतरावे लागणे निराळे आणि धडधाकट विमान चांगल्या धावपट्टीवर नीट न उतरणे निराळे. पहिल्यात देखभालीचा प्रश्न येतो आणि तो गंभीर आहे. पण जगभरच्या शिकाऊ वैमानिकांचा अनुभव घेतला तर दुसऱ्या जातीचे अपघात सर्वांत जास्त होतात, विशेषतः विद्यार्थी विमानात एकटा असताना. त्यांत माणूस क्वचितच मरतो. चाक मोडते, पंखा वाकतो, पंखाचे टोक जमिनीला घासते. म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, आणि म्हणूनच प्रस्तुत लेख मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

उतरणे एवढे कठीण का, हे थोडे समजून घेतल्यावाचून पुढचे बोलणे व्यर्थ आहे. सेस्ना १५२ हे दोन आसनांचे लहान विमान घ्या. ते साधारण ६० नॉट, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावपट्टीकडे उतरत येते. रत्नागिरीहून हातखंब्याकडे निघालेली मोटार एवढ्या वेगाने चालविली तर पोलीस अडवील, पण विमानाला तो वेग अत्यंत कमी आहे. आणखी वीसेक नॉट कमी झाला की पंखांची उचलून धरण्याची शक्तीच संपते. जमीन पंधरा-वीस फुटांवर आली की वैमानिकाने इंजिनाची शक्ती काढून घ्यावयाची आणि नाक अलगद वर उचलीत राहावयाचे. विमानाला आता उडावयाचे नसते, पण पडूही द्यावयाचे नसते. वेग ओसरत जातो, मागची दोन चाके आधी टेकतात, आणि मग पुढचे नाजूक चाक सावकाश खाली येते. हा सारा व्यवहार काही सेकंदांचा. त्या सेकंदांत नजर कोठे ठेवावी, हात किती मागे घ्यावा, हे पुस्तकात लिहिता येते. पण पुस्तकातून हातात येत नाही. पोहण्याचे जसे आहे तसेच हे.

आता येथे वेग थोडा जास्त राहिला असे समजा. विमान धावपट्टीवर टेकण्याऐवजी तिच्यावरून तरंगत राहते. धावपट्टी संपत आली असे वाटून विद्यार्थी घाईने नाक वर ओढतो, तसे विमान फुग्यासारखे पुन्हा वर जाते. घाबरून तो नाक खाली ढकलतो आणि जो भार मागच्या चाकांनी घ्यावयाचा तो पुढचे चाक घेते. विमान उसळते. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी, तिसरी त्याहून मोठी, आणि बहुधा याच वेळी पुढच्या चाकाचा दांडा मोडतो व फिरता पंखा धावपट्टीला लागतो. पंखा लागला की इंजिन उघडून तपासावे लागते आणि मग खर्चाचा आकडा काही लाखांत जातो. त्यात आडवा वारा असेल तर विमान एका बाजूला सरकते ते वेगळेच. समुद्राकाठच्या सड्यावर वाहणारा वारा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे अधिक सांगावयास नको.

अमेरिकेतील सेस्ना कंपनीने १९५६ मध्ये १७२ या प्रकाराचे विमान बाजारात आणले तेव्हा पुढच्या चाकाच्या या रचनेला 'लँड-ओ-मॅटिक' असे नाव देऊन जाहिरात केली होती. जणू उतरण्याचे काम आता यंत्रच करणार! पूर्वीच्या शेपटीखाली चाक असणाऱ्या विमानांपेक्षा ही विमाने जमिनीवर सरळ धावतात हे खरे, आणि तेवढ्याने शिक्षण पुष्कळ सोपे झाले हेही खरे. पण शेवटचे पंधरा फूट कोणत्याही जाहिरातीने कमी केलेले नाहीत.

एकट्याने करावयाच्या उड्डाणात आणखी एक भर पडते आणि ती मला विशेष उद्बोधक वाटते. सेस्ना १५२ चे कमाल वजन सुमारे ७५० किलो. शेजारच्या आसनावरचा सत्तर-पंचाहत्तर किलोंचा प्रशिक्षक खाली उतरला की विमानाचे दशांश वजन एकाएकी नाहीसे होते. ते लवकर वर चढते आणि उतरताना अधिक तरंगते. म्हणजे ज्या क्षणी विद्यार्थी प्रथमच एकटा पडतो, त्याच क्षणी त्याच्या हाती जरा निराळ्या स्वभावाचे विमान येते. चांगला प्रशिक्षक हे आधी बजावून सांगतो. घाईतला प्रशिक्षक विसरतो.

या साऱ्यावर उपाय फार जुना आणि फार सोपा आहे. उतरणे बिघडत आहे असे वाटले की ते सोडून द्यावयाचे. पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जावयाचे, एक फेरी मारावयाची आणि नव्याने यावयाचे. विमानविद्येत याला 'गो-अराउंड' म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरील तांडेलांना ही कल्पना कोणी शिकवावयास नको. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाट फुटत असेल तर होडी आत घालण्याची घाई शहाणा तांडेल करीत नाही. तो बाहेर समुद्रात थांबतो, भरतीची वाट पाहतो, आणि उशिरा आला म्हणून बंदरावर त्याला कोणी हसत नाही. शिकाऊ वैमानिकाने मात्र उतरणे सोडून पुन्हा वर जाणे हे आपल्याकडे पराभवासारखे मानले जाते. असे का व्हावे? माझ्या मते याचे उत्तर मानसशास्त्रात थोडे आणि पावतीपुस्तकात अधिक आहे.

भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळण्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास विमानाचा प्रमुख या नात्याने, २० तास लांब पल्ल्याचे, १० तास केवळ उपकरणांच्या आधाराने आणि ५ तास रात्रीचे, अशी त्याची वाटणी आहे. उतरण्यांची मोजणी येते ती रात्रीच्या १० उतरण्यांच्या अटीत आणि ३०० सागरी मैलांच्या उड्डाणात वाटेत दोन विमानतळांवर उतरावे या अटीत. बाकी सारा हिशेब तासांचा. आणि जे मोजले जाते तेच विकले जाते, हा बाजाराचा जुना नियम. प्रशिक्षण संस्था विद्यार्थ्याला तास विकतात. विद्यार्थी तास विकत घेतो. पुष्कळ प्रशिक्षक स्वतःही तासच जमवीत असतात, कारण त्यांतील अनेकांना हे काम म्हणजे मोठ्या विमान कंपनीत जाण्यापूर्वीची पायरी वाटते. तिघांचेही घड्याळ एकच, पण त्या घड्याळात विद्यार्थ्याला उतरता येते किंवा नाही हे दाखविणारा काटाच नाही.

उदाहरणापुरता तासाचा दर १५ हजार रुपये धरू. विमानतळाभोवतीची एक फेरी सहा-सात मिनिटांची. म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची किंमत झाली सुमारे दीड हजार रुपये, आणि ती भरावयाची विद्यार्थ्याने. मोडलेल्या चाकाच्या तुलनेत ही रक्कम क्षुल्लक आहे, हे घरबसल्या कोणीही सांगेल. पण त्या विद्यार्थ्याच्या जागी बसून पाहा. त्याच्या घरच्यांनी ५० लाखांच्या घरातली किंवा त्याहूनही अधिक रक्कम उभी केलेली असते. ठरलेल्या तासांत अभ्यासक्रम संपला नाही तर जादा तासांचे पैसे पुन्हा घरी मागावे लागणार, हे त्याला झोपेतही आठवत असते. आज दोनदा वर गेलो, काल तीनदा गेलो, याचा हिशेब तो मनात ठेवतो. माझा एक माजी विद्यार्थी परराज्यातील एका संस्थेत शिकत होता. तेथे मुले आपसांत गो-अराउंडला 'वडिलांचे पैसे हवेत सोडणे' म्हणत, असे त्याने मला हसत हसत सांगितले. मला हसू आले नाही. जो निर्णय सर्वांत सुरक्षित, त्याच निर्णयावर आपण दंड बसविला आहे. आणि तो दंड आकारणारा कोणी दुष्ट माणूस नाही, तर मीटर आहे.

तुकड्यावर मजुरी दिली की कामगार प्रमाणाबाहेर राबतो आणि प्रकृती बिघडवून घेतो, असे अ‍ॅडम स्मिथने अठराव्या शतकातच नोंदवून ठेवले आहे. येथे तर राबणाऱ्यानेच तुकड्यावर पैसे मोजावयाचे आहेत! एस.टी. महामंडळात नव्या चालकाला गाडी मागे घेण्याचा सराव करावयाचा असतो तेव्हा डेपोतले डिझेल त्याच्या खिशातून कापले जात नाही. तसे कापले असते तर आंबा घाटातल्या वळणावर त्याने गाडी किती वेळा सावकाश मागे घेतली असती, याचा विचार आपण प्रवाशांनी करावा.

तासांच्या मोजणीतला दुसरा दोष असा की तास खोटे लिहिता येतात. २०११ चा जानेवारी महिना आठवावा. गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका खाजगी कंपनीचे प्रवासी विमान उतरताना भार पुढच्या चाकावर आला आणि त्या चाकाचे नुकसान झाले. चौकशी झाली तेव्हा त्या वैमानिकाने वरच्या परवान्यासाठी बनावट गुणपत्रिका सादर केल्याचे आढळले. त्यानंतर देशभरातल्या परवान्यांची छाननी सुरू झाली आणि राजस्थानातील एका उड्डाण संस्थेत न केलेल्या उड्डाणांचे तास नोंदले गेल्याची प्रकरणे पोलिसांपर्यंत गेली. या घटनाक्रमाकडे नीट पाहावे. कागद तपासणाऱ्या कोणाच्याही नजरेला जे आले नव्हते, ते धावपट्टीने उघडे केले. तासांची नोंदवही भरता येते, गुणपत्रिका छापता येते. उतरणे मात्र सर्वांच्या देखत होते, आणि पुढचे चाक खोटी साक्ष देत नाही.

शिक्षकवर्गाला या बाबतीत फार आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. महाविद्यालयात ७५ टक्के उपस्थितीचा रकाना भरला की विषय शिकविला असे आपण समजतोच. फरक इतकाच की अर्थशास्त्रातला न समजलेला मागणीचा नियम घेऊन विद्यार्थी पदवीसह सुखरूप घरी जातो.

मग चांगली संस्था कोणती आणि सुमार कोणती हे पालकाने ओळखावे कसे? जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्या निबंधाचा मोठा वाटा होता. मालाचा दर्जा विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल तर चांगला माल बाजारातून हळूहळू हटतो, असे त्याचे थोडक्यात प्रतिपादन. उड्डाण प्रशिक्षणाच्या बाजाराला हे तंतोतंत लागू पडते. पालकाला जाहिरातीतले गणवेशातले हसरे चेहरे दिसतात, दर दिसतो, नोकरीची आश्वासने दिसतात. दर हजार उतरण्यांमागे त्या संस्थेची किती विमाने घसरली, किती विद्यार्थ्यांना एकट्याने पाठविण्यापूर्वी थांबवून ठेवले, प्रशिक्षक सरासरी किती महिने टिकतो, हे काही दिसत नाही. जी संस्था विद्यार्थ्याला आणखी पाच तास शेजारी बसवून ठेवते ती महाग दिसते. जी लवकर मोकळी करते ती स्वस्त दिसते. अशा बाजारात काळजी घेणारा मागे पडला तर नवल ते काय?

महासंचालनालयाने ही उणीव ओळखली आहे असे म्हणावयास जागा आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून देशातील उड्डाण प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करण्याची पद्धत सुरू झाली. पहिल्या यादीत ३५ संस्था होत्या. वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. १३ संस्थांना 'ब' आणि २२ संस्थांना 'क' श्रेणी मिळाली. निदान भीडभाड ठेवली गेली नाही, ही गोष्ट स्वागतार्ह. पण गुणांची वाटणी पाहिली की मन साशंक होते. १०० पैकी सुरक्षिततेला गुण २०. आपल्या महाविद्यालयांना 'नॅक'च्या श्रेणीचा दीर्घ अनुभव आहे. श्रेणी मिळविण्याची एक स्वतंत्र कला असते, आणि ती कला पुष्कळदा मूळ कामापासून वेळ काढूनच जोपासली जाते, हे प्राध्यापक मंडळी खाजगीत कबूल करतील. बाजाराला खरोखर हवी आहे ती श्रेणी नव्हे, तर उघडा तपशील. विमान अपघात अन्वेषण ब्यूरो २०१२ पासून काम करीत आहे आणि त्याचे अहवाल लोकांना वाचावयास मिळतात, ही आपल्या प्रशासनातील चांगल्या गोष्टींपैकी एक मानली पाहिजे. मात्र ते एकेका अपघाताचे अहवाल आहेत. कोणत्या संस्थेत काय वारंवार घडते हे त्यांतून गोळा करीत बसणे एखाद्या संशोधकाला जमेल. बारावीच्या मुलाच्या आईला जमणार नाही.

येथे दुसरी बाजू ऐकून घेतली पाहिजे. देशाला वैमानिक हवे आहेत. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षीच्या जूनमध्ये ५०० विमानांची मागणी जाहीर केली. २०२३ साली १,६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले, आणि तरीही पुष्कळ मुले शिकावयास अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत जातातच. प्रशिक्षण संस्थांच्या अडचणीही खोट्या नाहीत. या लहान विमानांचे इंधन महाग, इंजिने व सुटे भाग परदेशचे, विमा महाग, आणि आपल्या पावसाळ्यात विमान दिवसेंदिवस उभे राहते. उभ्या विमानाचे व्याज मात्र उभे राहत नाही. सरकारने २०२० मध्ये विमानतळांना द्यावा लागणारा महसुलाचा वाटा रद्द केला, जळगाव व बेळगावसह काही विमानतळांवर नव्या संस्थांना जागा दिल्या, हे योग्यच झाले. नियम वाढवाल तर खर्च वाढेल आणि गरिबाचे मूल वैमानिक होणार नाही, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. पण आजच्या पद्धतीतही खर्च वाचत नाही. मोडलेल्या चाकाचा आणि पंख्याचा खर्च विम्याच्या हप्त्यातून आणि दरातून शेवटी सर्व विद्यार्थ्यांवरच वाटला जातो. फक्त तो पावतीवर दिसत नाही, आणि फेरीचे दीड हजार दिसतात.

म्हणून माझी सूचना नियमांची संख्या वाढविण्याची नाही, दर आकारण्याची रीत बदलण्याची आहे. संस्थेने संपूर्ण अभ्यासक्रमाची रक्कम आधी ठरवावी आणि ती घेऊन विद्यार्थ्याला परवान्याच्या परीक्षेपर्यंत न्यावे. सोडून दिलेल्या उतरण्यांचा वेळ त्याच्या खात्यावर चढवू नये. तसे केल्यास संस्था तास वाचविण्याच्या मागे लागेल अशी शंका एखादा चतुर विद्यार्थी वर्गात काढील, आणि ती शंका रास्तच आहे. परंतु किमान २०० तासांची मर्यादा कायद्याने घातलेली आहे. तिच्याखाली कोणालाही जाता येत नाही. आज हीच मर्यादा विद्यार्थ्याच्या डोक्यावर छपरासारखी बसली आहे. रक्कम ठरीव झाली तर ती त्याच्या पायाखालची जमीन होईल. मंदगतीने शिकणाऱ्याचा जादा खर्च चपळ विद्यार्थ्यांवर थोडा पडेल, हे मी नाकारीत नाही. सार्वजनिक शिक्षणात आपण तेच करीत आलो आहोत.

प्रशिक्षकाच्या वेतनाचा विषय याला जोडूनच येतो. त्याला उडालेल्या तासावर पैसे मिळत असतील तर आज वारा बरा नाही, आज उडू नका, असे सांगणे म्हणजे स्वतःच्या जेवणावर पाणी सोडणे होय. मासिक वेतन, आणि एकट्याने पाठविण्याचा निर्णय नेहमीच्या प्रशिक्षकाखेरीज दुसऱ्याने तपासणे, या दोन गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. हवाई दलात छात्राला शुल्क भरावे लागत नाही. तेथे ज्याला उड्डाण जमत नाही त्याला स्पष्ट सांगून दुसऱ्या शाखेत पाठविले जाते. शुल्क भरणाऱ्या मुलाला 'तुला हे जमणार नाही' असे सांगणारी खाजगी संस्था मी अद्याप पाहिलेली नाही. आमची शिकवणीवर्गांची दुनिया तरी कोठे सांगते म्हणा!

बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये जुहूला सुरू झाला आणि पुढच्या वर्षी १० फेब्रुवारीला जे. आर. डी. टाटांना देशातील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. त्या काळी ही विद्या हौशी श्रीमंतांची होती. उतरताना विमान मोडले तर ते मोडण्याइतपत पैसा घरात असे. आज तीच विद्या शिकावयास शिक्षकाचा, कारकुनाचा, बागायतदाराचा मुलगा किंवा मुलगी जाते. हा बदल आनंदाचा आहे. पण धोका उचलणारा खांदा बदलला आणि दर आकारण्याची रीत जुनीच राहिली, हे लक्षात घेतले गेलेले नाही.

रत्नागिरीत हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. मिरजोळ्याच्या धावपट्टीवर तटरक्षक दलाची विमाने ये-जा करताना आपली मुले पाहतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून बारावी विज्ञानाच्या वर्गात वैमानिक होऊ म्हणणारे हात अधिक वर येतात, असे सहकारी सांगतात. गेल्या काही वर्षांत आंब्याची बाग तारण ठेवून मुलीला उड्डाण शिकवावयाचे की नाही, असे विचारावयास दोन पालक माझ्याकडे येऊन गेले. अर्थशास्त्राच्या माणसाला कर्जाचे कळत असेल अशी त्यांची समजूत. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते आणि त्यासाठी सातबारा, कलमांची संख्या, बोजा, वारसांची संमती असे सर्व कागद तपासते. त्यांतल्या एकाबरोबर मीही बँकेत गेलो होतो. व्यवस्थापक सज्जन होते. त्यांनी बागेविषयी वीस प्रश्न विचारले आणि संस्थेविषयी एकच, शुल्काचे वेळापत्रक कोठे आहे. ज्या शिक्षणावर बागेचे आणि मुलीचे भवितव्य अवलंबून आहे, तेथे विमाने किती वेळा मोडली हे बँकेला जाणून घ्यावेसे वाटले नाही; वास्तविक तिचेही ५० लाख त्याच धावपट्टीवर उतरावयाचे आहेत. कर्जाच्या अर्जात संस्थेच्या गेल्या तीन वर्षांतील अपघातांचा आणि एकूण उतरण्यांचा तपशील मागणारा रकाना बँकांनी उद्या छापला, तर तो भरल्यावाचून संस्थांना विद्यार्थी मिळणार नाहीत. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही, आणि छापील अर्जावर जागा लागते ती एका ओळीची.